तडा दिसेनासा झाला म्हणजे

मी राहतो त्या गावात मोटारगाडी येत नाही. माथेरानला येणारी प्रत्येक गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते. तिथून पुढे चालत, घोड्यावर, मिनीट्रेनने किंवा अलीकडे ई-रिक्षाने. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलं, पण गाड्यांना मज्जाव त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. रुग्णवाहिका सोडली तर इंजिनाचा आवाज आमच्याकडे पाहुण्यासारखा. अशा गावातला मी, आठवड्यातले पाच दिवस हॉटेलच्या रिसेप्शनवर बसणारा, गेले काही महिने मोटारीच्या पुढच्या काचा दुरुस्त करायच्या सामानाचे व्हिडिओ बघतोय. आई म्हणते, "समुद्र नाही तिथे जाळं विणतोय आमचा."

दुसरं काहीतरी हाताशी असावं, हे मात्र गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणूस ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सांगितलं. निकाल योग्यच होता. पण पोटाचं साधन एका कागदाने, एका पावसाळ्याने किंवा एका साथीने बदलतं हे इथल्या प्रत्येक घराने बघितलंय. मंगळवार-बुधवार मला सुट्टी असते. त्या दोन दिवसांत काय करता येईल, इथून हे सुरू झालं.

गिऱ्हाईक समोरच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग खालापूर तालुक्यातून जातो. चौक-कर्जत रस्त्यावर खडीचे डंपर धावतात, ताडपत्री नीट बांधलेली नसते. मागच्या गाडीच्या काचेवर टक्‌कन आवाज येतो आणि चवलीएवढा टवका उडतो. ती गाडी मग नेरळवरून घाट चढून दस्तुरीला उभी राहते. एका रविवारी मी पार्किंगमधल्या चाळीस गाड्या मोजल्या, सहांच्या काचेवर टवका होता. दोघांच्या तर तो पाय फुटून पसरायला लागला होता.

माझ्या मोबाईलवर दोन सामानं निवडून ठेवलेली होती. एक ३५० रुपयांचं: प्लास्टिकची चकती, इंजेक्शनसारखी नळी, रेझिनची चिमुकली पुडी, एक ब्लेड. दुसरं ५५ हजारांच्या घरातलं, सुटकेसएवढ्या पेटीत. त्यात काचेला चिकटणारा धातूचा ब्रिज, इंजेक्टर, हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप, अतिनील दिवा, बारीक ड्रिल, ओल काढायचं यंत्र, तीन-चार प्रकारची रेझिनं आणि काचेच्या आतल्या बाजूला लावायचा छोटा आरसा. कुठलं घ्यावं हा मला पैशांचा प्रश्न वाटत होता.

काच समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून थोडं थांबतो. मोटारीची पुढची काच एक नसते, दोन असतात, आणि मध्ये प्लास्टिकचा पारदर्शक पापुद्रा. ही कल्पना एदुआर बेनेदिक्तूस नावाच्या फ्रेंच माणसाची. १९०३ मध्ये त्याच्या हातून एक काचेचा चंबू पडला. तडकला पण विखुरला नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून बसला होता, अशी ती गोष्ट सांगतात. म्हणूनच खडा लागला की आपली काच तोंडावर येत नाही. बहुतेक वेळा फक्त बाहेरचा थर फुटतो. त्या फटीत हवा शिरते. काचेतून आणि हवेतून प्रकाश वेगवेगळा वळतो, म्हणून तडा आपल्याला चमकताना दिसतो. दुरुस्ती म्हणजे ती हवा ओढून काढायची, तिच्या जागी रेझिन दाबून भरायचं आणि अतिनील प्रकाशाने ते कडक करायचं. रेझिन काचेसारखाच प्रकाश वळवतं, त्यामुळे तडा जवळजवळ नाहीसा होतो.

इथे एक गंमत आहे, आणि माझा सगळा प्रश्न तिच्यात आहे. रेझिन दोन कामं करतं. एक, तडा लपवतं. दोन, तड्याच्या दोन्ही कडा धरून ठेवतं. पहिलं काम त्याच दिवशी डोळ्यांना दिसतं. दुसरं झालंय की नाही हे उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी, तापलेल्या काचेवर एसीची थंड हवा लागली की कळतं. तोपर्यंत पैसे देऊन-घेऊन महिने झालेले असतात. कमकुवत रेझिन, अर्धवट निघालेली हवा, आत राहिलेली ओल, सगळ्यांवर पहिल्या संध्याकाळी एकच शेरा मिळतो: वा, गेला की!

हे मी वाचून सांगत नाहीये. ३५० रुपयांचं सामान मी आधीच एकदा मागवलं होतं. मागच्या दिवाळीत कर्जतच्या आतेभावाने बोलावलं. त्याच्या गाडीच्या काचेवर चांदणीसारखा टवका होता, दोन-तीन महिन्यांचा जुना, धूळ बसलेला. मी चकती चिकटवली, नळी दाबली-ओढली, उन्हात अर्धा तास ठेवलं, ब्लेडने खरवडलं. तडा गेला. खरंच गेला, नीट बघितलं तर सुईच्या टोकाएवढा डाग. भाऊबिजेला आलेली आत्या म्हणाली, पोरगं हुशार आहे. भावाने ४०० रुपये हातात कोंबले.

तो गाडी विकणार होता, हे मला माहीत होतं. पुढच्याच आठवड्यात खोपोलीचं कोणीतरी बघायला येणार होतं. आपण दुरुस्त काय करतोय आणि कुणासाठी, हे मला त्या वेळी पुरतं कळत होतं. आतेभावाला तडा भरून नको होता, नाहीसा करून हवा होता. मी त्याला फसवलं नाही, त्याने मला फसवलं नाही. आम्ही दोघांनी मिळून तिसऱ्याला फसवलं. तो तिसरा मला कधी भेटला नाही. भेटला असता तर कदाचित मी म्हणालो असतो, दादा, इथे हात लावू नका, कपडा जोरात घासू नका. पण भेटायची वेळच आली नाही आणि ४०० रुपये दोन दिवसांत खर्चून गेले.

इथे कुणी म्हणेल, एवढं काय त्यात. माणूस तर मेला नाही. बरोबर आहे. वाईट दुरुस्तीने काच अंगावर येत नाही, फार तर तडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळतो आणि काच बदलावी लागते. रात्री घाटात समोरच्या दिव्याचा झोत धुरकट डागावर फुटला तर क्षणभर दिसत नाही, हा खरा धोका. पण उगाच मोठं करून सांगायचं नाही. माझा प्रश्न लहान गोष्टींचाच आहे. ब्रेक दुरुस्त करणारा चार वेळा तपासतो, कारण चुकलं तर माणूस जातो, पोलीस येतात. जिथे चुकीची किंमत चार-पाच हजार आणि थोडी चिडचिड एवढीच आहे, शिवाय ती दुसऱ्याच्या खिशातून जाते, तिथे आपण नीट काम का करायचं? आपल्यातल्या बहुतेकांचं आयुष्य अशाच किमतीच्या निर्णयांत जातं.

माझे मामा नालबंद आहेत. माथेरानमध्ये ही कला अजून पोट भरते, कारण घोडे अजून आहेत. नाल ठोकताना खिळा खुराच्या बाहेरच्या, निर्जीव भागातून जायला हवा. जरा आत गेला तर घोडा तिथेच पाय झाडतो, ते सोपं. अवघड असतो तो खिळा जो आतल्या जिवंत भागाला शिवत नाही पण त्याला दाबून बसतो. घोडा शांत उभा राहतो, चालून दाखवतो, मालक पैसे देऊन जातो. दोन-तीन दिवसांनी तो पॉइंटवरून येताना लंगडायला लागतो. तोवर पर्यटकांच्या पाठीला पाठ लावून चार फेऱ्या झालेल्या असतात, आणि दोष दगडाला जातो. मामा नाल ठोकला की दुसऱ्या दिवशी सकाळी तबेल्यावर जाऊन खुराला हात लावून बघतात. खूर गरम लागला तर खिळा काढतात. त्याचे पैसे घेत नाहीत. मी लहानपणी विचारलं होतं, मालकाने बोलावलं का? म्हणाले, "त्याला काय कळतंय? खूर मला सांगतो."

व्हिडिओ बघता बघता माझं लक्ष त्या पेटीतल्या आरशाकडे गेलं ते या मामांमुळे. रेझिन भरताना तो गाडीच्या आत, बरोबर टवक्याखाली चिकटवतात. बाहेरून वाकून बघितलं की तड्याचा प्रत्येक पाय वेगळा दिसतो. रेझिन गेलंय तिथे काही नाही, जिथे हवा राहिलीय तिथे काळपट चमक. गिऱ्हाइकाला यातलं काही दिसत नाही. तसंच ओल काढायचं यंत्र. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवाच भिजलेली असते. फटीत पाणी असताना रेझिन भरलं की त्या दिवशी छान, नंतर दुधाळ डाग. आणि साधी मोठी काळी छत्री: उन्हातही अतिनील किरण असतात, रेझिन तड्याच्या टोकापर्यंत पोचायच्या आतच कडक होतं. मी कर्जतला नेमकं हेच केलं होतं, उन्हात बसून.

म्हणजे पेटीतल्या वस्तूंचे दोन गट पडले. काही वस्तू काम करतात. काही वस्तू काम झालं नाही असं सांगतात. ३५० रुपयांच्या सामानात दुसऱ्या गटातलं काहीही नाही. ते कधीच नाही म्हणत नाही. तडा कडेपर्यंत गेला असेल तरी ते तयार, आतला थर फुटला असेल तरी तयार, ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर असेल तरी, आरशामागच्या कॅमेऱ्यासमोर असेल तरी. या सगळ्या ठिकाणी खरं उत्तर 'काच बदला' असं असतं.

मग ५५ हजारांची पेटी घ्यायची, संपलं. इतकं सोपं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. ती पेटी मला बारा हप्त्यांवर मिळत होती. मंगळवार-बुधवार मिळून महिन्याला पंधरा-वीस कामं झाली तर हप्ता निघतो. आता विचार करा: सतराव्या तारखेला माझी सहा कामं झाली आहेत, आणि समोर कडेपर्यंत गेलेला तडा घेऊन माणूस उभा आहे. आरसा मला नाही म्हणायला सांगेल, हप्ता हो म्हणायला सांगेल. दोघांत जोरात बोलतो तो हप्ता. शिवाय चांगलं रेझिन उघडलं की त्याला मुदत असते, काळोखात, थंड जागी ठेवावं लागतं. रोज दहा गाड्या करणाऱ्याची बाटली मुदतीआधी संपते. माझ्यासारख्या दोन दिवसवाल्याची अर्धी उरते, आणि उरलेली अर्धी बाटली हा फार वाईट सल्लागार असतो.

हे लक्षात आलं तेव्हा मी थोडा गडबडलो. चांगली अवजारं माणसाला चांगलं काम करायला लावतात असं मी धरून चाललो होतो. महाग अवजार मात्र माणसाला कामाची भूक लावतं, आणि भुकेल्या माणसाला सगळे तडे भरण्याजोगे दिसतात.

यात गिऱ्हाइकाचीही बाजू आहे. काच विम्यात बदलून मिळते, काचेवर घसाराही कापत नाहीत. पण दावा केला की सहसा पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस जातो, आणि तो पाच वर्षं सांभाळला असेल तर ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. चुकीच्या हातांनी नवी काच बसवली तर पावसात गळते, कंपनीने बसवलेला मूळचा जोड तुटतो तो वेगळाच. त्यामुळे गाडीवाला माझ्याकडे येतो तो 'होईल' हे ऐकायलाच. त्याला नाही म्हणणं म्हणजे त्याच्या नुकसानीची बातमी देणं, तीही फुकट.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. म्हणणं असं, की घेणाऱ्याला चांगली गाडी आणि खराब गाडी ओळखता येत नसेल तर तो दोन्हींना मधलीच किंमत देतो. त्या किमतीत चांगली गाडीवाला विकायला येत नाही, आणि बाजारात उरतो तो कचरा. वाचताना मला आतेभावाची गाडी आठवली. अकरलॉफच्या बाजारात एक माणूस मी होतो. गाडीवाला नव्हे, घेणारा नव्हे, तर ओळखता येऊ नये याची सोय करून देणारा.

मी जागाही चुकीची निवडली होती. दस्तुरीचं पार्किंग मला सोन्याची खाण वाटत होतं: गाडी दोन दिवस उभी, मालक वर, घाई नाही. पण नीट बघा, मालक वर आहे. तो आरशात बघणार नाही, कामाच्या वेळी हजर असणार नाही, रविवारी संध्याकाळी घाट उतरून ठाण्याला किंवा पिंपरीला जाणार आणि तडा पळेल तेव्हा त्याला माझा चेहराही आठवणार नाही. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये ग्लॉकन एका मेंढपाळाची गोष्ट सांगतो. त्याला अदृश्य करणारी अंगठी सापडते, आणि मग तो राणीला फितवून राजाला मारतो. ग्लॉकन विचारतो, अशी अंगठी मिळाल्यावर कोण सरळ राहील? माझ्या गावाच्या वेशीवर अशी अंगठी पावतीसकट मिळते.

म्हणून मी ठरवलं, सुरुवात नेरळच्या टॅक्सीवाल्यांपासून. नेरळ-दस्तुरी दिवसातून किती फेऱ्या त्यांच्या. मी रोज त्यांच्याच गाडीत बसणार. तडा पळाला तर स्टँडवर सगळ्यांसमोर ऐकावं लागणार. पण लगेच दुसरा विचार येतो: मग मी प्रामाणिक झालो का? की पकडला जाईन अशी जागा शोधून काढली? ग्लॉकन हसेल. म्हणेल, बघ, अंगठी काढून ठेवलीस म्हणून सरळ वागतोयस.

यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही, मामांची एक सवय आहे. त्यांना कुणी बघत नसताना ते खुराला हात लावतात हे खरं. पण ही सवय त्यांना लागली ती आजोबांच्या हाताखाली, आजोबा बघत असताना. मला आजोबा नाहीत. स्टँडवरचे टॅक्सीवाले आहेत. काही वर्षं त्यांच्या नजरेखाली हात वळला, तर पुढे कधीतरी दस्तुरीच्या पार्किंगमध्येही वळेल. न वळला तर निदान दस्तुरीला गेलो नाही एवढं तरी झालं. कमकुवत माणसाने आपल्या कमकुवतपणाला धरून जागा निवडणं यात मला कमीपणा वाटत नाही. गोड न सोसणारा माणूस घरात पेढे ठेवत नाही, त्याला आपण ढोंगी म्हणत नाही.

शेवटी घेतलं ते असं. धातूचा ब्रिज आणि इंजेक्टर, साधा, हाताच्या पंपाचा. अतिनील दिवा. आरसा आणि दहापट भिंग. ओल काढायचं यंत्र. रेझिनच्या लहान बाटल्या, मोठ्या नव्हे, जरी मिलीलिटरमागे महाग पडल्या तरी. ड्रिल घेतलं नाही, हात बसेपर्यंत नको. सगळं रोख, साठवलेल्या पैशांत, साडेअठरा हजार. नेरळच्या भंगारवाल्याकडून फुटकी काच आणली, तिच्यावर खिळ्याने पंचवीस टवके पाडले आणि भरले. पहिल्या दहांत आरसा आठ वेळा नाही म्हणाला. शेवटच्या दहांत तीन वेळा.

पहिलं खरं काम मे महिन्यात मिळालं. स्टँडवरचे एक काका, त्यांच्या इकोच्या काचेवर डाव्या बाजूला, नजरेच्या रेषेबाहेर, तीन पायांचा टवका, दोनच दिवसांचा. संध्याकाळी काच गार झाल्यावर बसलो. पाऊण तास लागला. काकांनी चहा मागवला, बाकीचे दोघे-तिघे भोवती जमले. झालं तेव्हा कुणी म्हणालं, जादू आहे राव. ६०० रुपये ठरले होते, ते घेतले.

दुसऱ्या दिवशी ड्युटी दुपारची होती. सकाळी पहिल्या गाडीने नेरळला उतरलो. काका पुसत होते. मी आत शिरून आरसा चिकटवला, बाहेर येऊन वाकलो. दोन पाय साफ. तिसऱ्याच्या टोकाला, तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याएवढी, काळपट चमक. संध्याकाळच्या उजेडात सुटली होती. कडक झालेल्या रेझिनच्या पलीकडे आता काही घालता येत नाही. ते टोक धरलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

मी ६०० रुपये काढून त्यांच्यासमोर धरले. काकांनी डोळे बारीक करून काचेवरून बोट फिरवलं, मग मागे होऊन बघितलं.

"मला तर काही दिसत नाही रे."

"तिकडून नाही दिसणार. इथे या, काका, असं वाका."

गुडघ्यावर हात ठेवून ते वाकले, आणि मी बाजूला झालो.